"कॅरीबॅग पाहिजे का?" : त्या पाच-दहा रुपयांमागचा सगळा हिशोब

मागच्या रविवारी सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर माझ्या पुढे एक काका होते. साडेअकराशेचं सामान, पाच किलो तांदूळ, तेलाचे दोन पाउच, बिस्किटं वगैरे, आणि काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "सर, कॅरीबॅग?" काका म्हणाले दे की. तिने बीप केलं, बिलात बारा रुपये वाढले आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. "एवढं सामान घेतलं तुमच्याकडून आणि पिशवीचे पैसे लावता? उद्या एसीत उभं राहायचे पण लावाल!" मागे आम्ही सातजण ताटकळत. शेवटी काकांनी पिशवी परत केली आणि तांदूळ खांद्यावर, तेल हातात, बिस्किटांचे पुडे काखेत असे निघाले. दारात गार्डला बिल दाखवायला हात मोकळा नव्हता म्हणून बिल तोंडात धरलं होतं.

हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण काकांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. हे पैसे नक्की कशाचे, ते जातात कुठे, आणि त्या बदल्यात जी "पर्यावरणपूरक" पिशवी गळ्यात मारतात ती खरंच बरी असते का, हे कुणी नीट सांगतच नाही. तर मी माझ्या परीने सांगायचा प्रयत्न करते.

आधी ते मायक्रॉन म्हणजे काय ते बघू

पिशवीची बातमी आली की मायक्रॉन हा शब्द येतोच. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, थोडा इकडे तिकडे. भाजीवाल्याकडची ती काळी पातळ पिशवी, जिच्यातून मिरचीचं देठ बाहेर येतं, ती समजा २० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या पाव जाडीच्या आसपास.

आता सरकार जाडीच्या मागे का लागलंय, पिशवी अमुक मायक्रॉनपेक्षा पातळ नको असं का म्हणतं? मला आधी वाटायचं जाड पिशवीत प्लास्टिक जास्त, मग ती वाईट ना? तर गोम अशी आहे की पातळ छोट्या पिशवीचं वजन असतं जेमतेम तीन-चार ग्रॅम, एक किलो भरायला अडीच-तीनशे पिशव्या वेचाव्या लागतात, त्यापण चिखलातून. भंगार वेचणारी बाई तेवढ्यासाठी वाकेल कशाला, ती बाटली उचलते आणि पिशवी तिथेच राहते. मग ती पिशवी गटारात, नाल्यात, गायीच्या पोटात. शिवाय जाड पिशवी महाग पडते, म्हणजे दुकानदाराला ती फुकट वाटणं परवडत नाही. म्हणजे बघा, मायक्रॉनचा नियम हा एका अर्थाने पिशवीला किंमत लावायचाच मागच्या दाराचा मार्ग आहे.

हे सुरू कुठून झालं

आपल्याकडे या सगळ्याला तोंड फुटलं ते २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचे लगदे दिसले. पुराला फक्त पिशव्याच जबाबदार होत्या असं नाही, मिठी नदीच्या काठावर काय काय बांधून ठेवलंय ते सगळ्यांना माहितीय, पण पिशव्यांवर सगळ्यांचं लक्ष गेलं ते तेव्हा. पुढे राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली.

२०११ मध्ये केंद्राने नियम केला की दुकानदाराने कॅरीबॅग फुकट द्यायचीच नाही. २०१६ च्या नियमात असं होतं की ज्याला प्लास्टिकची पिशवी द्यायचीय त्याने महानगरपालिकेकडे नोंदणी करायची आणि महिन्याला किमान ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये भरायचे, कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी. कल्पना चांगली होती, पण २०१८ च्या मार्चमध्ये तो नियमच काढून टाकला. त्याच मार्चमध्ये, २३ तारखेला, महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली, हँडलवाल्या आणि बिनहँडलच्या सगळ्या प्लास्टिक पिशव्या बंद, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. जूनपासून कारवाई सुरू झाली तेव्हा लोक डबे घेऊन मटण आणायला जात होते, आठवतंय का? मग हळूहळू काळी पिशवी परत आली. आधी टोपलीखालून निघायची, आता उघड लटकलेली असते. केंद्राने देशभरासाठी पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली.

पण या गडबडीत पिशवीचे पैसे घ्यायची पद्धत मात्र मोठ्या दुकानांत पक्की बसली. ज्या नियमाने "फुकट देऊ नका" म्हटलं तो गेला, पैसे राहिले.

पाच-दहा रुपयांनी काय फरक पडणारे?

हा पहिला आक्षेप असतो. ज्याने अकराशेचं सामान घेतलं त्याला दहा रुपये जड आहेत का? नाहीत. तरी फरक पडतो, आणि चांगलाच पडतो.

हॉटेलात वेटर विचारतो ना, "साधं की बिसलेरी?" त्याने न विचारता बाटली आणून ठेवली तर आपण मुकाट फोडतो आणि पितो. विचारलं की थबकतो, आणि बरेचजण "साधंच दे" म्हणतात. वीस रुपये परवडत नाहीत म्हणून नव्हे, विचारल्यामुळे ठरवावं लागलं म्हणून. पिशवीचं अगदी तेच. फुकट असताना पिशवी आपोआप हातात यायची, दोन ब्रेडच्या पाकिटांना पण पिशवी, कोलगेटला पण पिशवी. पैसे लावले की एक प्रश्न मध्ये येतो आणि त्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट लावले. आधी माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. मग काय झालं, लोकांना १५ सेंटची सवय झाली आणि आकडा परत वर सरकायला लागला, म्हणून २००७ मध्ये २२ सेंट केले. म्हणजे किंमत टोचायला लागते, टोचणं बंद झालं की परत येरे माझ्या मागल्या. इंग्लंडने ऑक्टोबर २०१५ मध्ये ५ पेन्स लावले, २०२१ मध्ये १० केले. त्याआधी तिथल्या मोठ्या सुपरमार्केटांनी २०१४ या एका वर्षात ७६० कोटी पिशव्या वाटल्या होत्या, तो आकडा ९५ टक्क्यांहून जास्त घसरला.

आणि एक गंमत. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत अभ्यास झाला होता. स्वतःची पिशवी आणली तर ५ सेंट सूट, असं काही दुकानं आधीपासून देत होती, त्याने जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. मग २०१२ मध्ये पिशवीवर ५ सेंट कर लागला आणि लोक धडाधड पिशव्या आणायला लागले. रक्कम तीच! आपलं पण तसंच आहे की, पाच रुपये मिळणार म्हटलं तर कोण उठतंय, पाच रुपये जाणार म्हटलं की मात्र जीव वर-खाली होतो.

"पण हे पैसे जातात कुणाच्या खिशात?"

इथे मी काकांच्या बाजूने आहे, पूर्ण.

आयर्लंडमध्ये तो सरकारी कर आहे, पैसे पर्यावरणाच्या निधीत जातात. आपल्याकडे काउंटरवर दिलेले बारा रुपये हे साधी विक्री आहेत, ते दुकानाचे. वर पिशवीवर दुकानाचं नाव एवढं मोठं छापलेलं, म्हणजे आपण पैसे देऊन त्यांची जाहिरात खांद्याला लावून फिरायचं. यावर लोक ग्राहक न्यायालयात गेलेत. चंदीगडला २०१९ मध्ये बाटाने बुटांसोबत कागदी पिशवीचे ३ रुपये लावले म्हणून तिथल्या ग्राहक मंचाने कंपनीला एकूण ९,००० रुपयांचा दट्ट्या दिला. ३ रुपयांसाठी कोर्टात जाणारा तो माणूस मला फार आवडतो.

मग डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय ग्राहक आयोगाने बिग बझारच्या प्रकरणात निकाल दिला, आणि हा नीट समजून घ्या कारण व्हॉट्सअॅपवर तो उलटासुलटा फिरतो. पिशवीचे पैसे घेणंच बेकायदा, असं काही त्याचं म्हणणं नाही. ग्राहकाने सगळं सामान निवडलं, ट्रॉली घेऊन काउंटरला आला, तोपर्यंत त्याला पिशवीबद्दल काही सांगितलं नाही आणि ऐन पैसे द्यायच्या वेळी किंमत लावली, हे चूक, ही अनुचित व्यापारी प्रथा. दुकानात शिरतानाच कळायला पाहिजे की इथे पिशवी विकत आहे, कसली आहे, कितीची आहे.

आता मला सांगा, एवढ्या दुकानांत तुम्ही दारावर असली पाटी किती वेळा बघितलीय? उलट एका ठिकाणी (नाव नको) मी घरून पिशवी नेली तर गार्डने तिला प्लास्टिकचा टॅग मारून तोंड बंद केलं, सुरक्षेसाठी म्हणे, आणि आत काउंटरवर मला पिशवी विकायला तयार. टॅग तोडायला कात्री मागितली तर मुलगी म्हणाली मॅडम कात्री बाहेर गार्डकडे.

कापडी घेतली की झालं, असं नसतं

आता खरी भानगड. आपल्या डोक्यात गणित पक्कं आहे की प्लास्टिक वाईट, कापड चांगलं, कागद मधलं. पण पिशवी आकाशातून पडत नाही. कापूस पिकवायला जमीन, पाणी, खत, फवारणी, मग सूत, विणकाम, रंग, शिलाई, ट्रक. वस्तूचा असा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडतात त्याला लाईफ सायकल असेसमेंट म्हणतात, आपण त्याला सरळ जन्मभराचा हिशोब म्हणू.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या एजन्सीने २०११ मध्ये असा हिशोब छापला. प्रश्न असा होता की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायला बाकीच्या पिशव्या किती वेळा वापराव्या लागतील? कागदी ३ वेळा. जाड प्लास्टिकची ४ वेळा. ती कापडासारखी दिसणारी, जिला नॉन-वोव्हन म्हणतात, ती ११ वेळा. आणि सुती कापडी पिशवी १३१ वेळा. आठवड्याला एकदा बाजार केला तर अडीच वर्षं, आणि तेवढं झाल्यावर कुठे बरोबरी, फायदा त्याच्या पुढे. आणि पातळ पिशवी घरी कचऱ्याच्या डब्याला लावून परत वापरत असाल तर कापडीचा आकडा ३२७ वर जातो.

हे समजायला पैठणी आणि गाऊन घ्या. पैठणी पंधरा हजाराची, तीन लग्नांत नेसली, एका नेसण्याला पाच हजार पडले. गाऊन चारशेचा, दोन वर्षं रोज घातला, रुपयासुद्धा पडत नाही. कापडी पिशवी ही पर्यावरणाच्या हिशोबात पैठणी आहे, घेतली आणि कपाटात ठेवली तर प्रचंड महाग, रोज वापरली तरच स्वस्त. आणि आपण काय करतो, प्रत्येक प्रदर्शनात, सेमिनारमध्ये, ओटभरणाला एकेक नवी घेतो, "सेव्ह अर्थ" लिहिलेली.

मग २०१८ मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला आणि कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते अशा बातम्या झाल्या. रोज वापरली तरी एकोणीस वर्षं! तो आकडा खोटा नाही पण त्यात ओझोनच्या थरापासून पाण्यापर्यंत सगळ्या निकषांतला जो सगळ्यात वाईट तो धरलाय. फक्त हवामान बघितलं तर त्याच अभ्यासात ५२ वेळा येतात. बातमीत अर्थातच ७,१०० येणार.

मग पातळ प्लास्टिकचीच बरी होती ना?

हा लगेचचा आक्षेप, आणि प्लास्टिकवाले हाच हिशोब पुढे करतात. पण या हिशोबात काय नाही ते बघा. पिशवी नाल्यात अडकली, गायीने खाल्ली, समुद्रात गेली, याला त्या आकड्यांत जागाच नाहीये किंवा फार कमी आहे. तो हिशोब युरोपातला, जिथे कचरा बऱ्यापैकी गोळा होतो आणि जाळला किंवा पुरला जातो. आपल्याकडे पिशवीचा शेवट कुठे होतो हे जुलैमध्ये कुठल्याही नाल्यावर उभं राहून बघता येतं. तिथल्या कापसाचा हिशोब आणि आपल्या विदर्भातल्या पावसावरच्या कापसाचा हिशोब पण एकच असेल असं नाही.

आणि मूळ पिशवी फेकायला बनलीच नव्हती. स्टेन गुस्टाफ थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९६० च्या दशकात ही हँडलवाली पिशवी काढली, आणि त्याचा मुलगा सांगतो की वडील स्वतः एक घडी करून कायम खिशात ठेवायचे. फुकट झाली आणि फेकायची झाली.

जाड पिशवीने सुटका होते असंही नाही. इंग्लंडमध्ये पातळ पिशवीला पैसे लागल्यावर सुपरमार्केटांनी जाड पिशव्या विकायला काढल्या, नाव ठेवलं "बॅग फॉर लाईफ", जन्मभराची पिशवी. २०१९ च्या एका अहवालानुसार सगळ्या ब्रिटनमध्ये वर्षाला अशा दीडशे कोटी विकल्या गेल्या, घरटी ५४! वर्षाला चौपन्न जन्म कुणाचे असतात? लोक तीच पातळ पिशवीसारखी वापरून टाकत होते. आपल्या १२० मायक्रॉनचं तेच होऊ शकतं, त्याच आकाराच्या २० मायक्रॉनच्या सहा पिशव्यांचं प्लास्टिक तिच्यात असतं. सहा वेळा वापरली तर फिट्टंफाट, एकदाच वापरली तर आधीपेक्षा वाईट.

ती कापडासारखी असते ती कापड नसते

साडीच्या दुकानात, केमिस्टकडे, लग्नाच्या रिटर्न गिफ्टला जी रंगीत पिशवी मिळते, हाताला जरा खरखरीत, जवळून बघितली तर बारीक ठिपक्यांची नक्षी, ती नॉन-वोव्हन. तिला ९० टक्के लोक कापडी समजतात, माझ्या सासूबाई पण. ती पॉलिप्रॉपिलिनची असते, म्हणजे आपली प्लास्टिकची खुर्ची ज्याची असते तेच. खात्री करायची तर एक कोपरा कापून सिंकमध्ये धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि राख. ही आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक मणी होतो. (खिडकी उघडी ठेवा.) केंद्राचा नियम आहे की ती निदान ६० जीएसएमची पाहिजे, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. पण हलक्या मालाची पिशवी चार महिने बाल्कनीत उन्हात राहिली तर हात लावताच भुगा होतो, आणि तो भुगा झाडून जातो तो प्लास्टिकच. मी एकदा त्यात कांदे टांगले होते. कांदे खाली, हँडल खुंटीला.

बरं मग कचऱ्याच्या डब्यात काय घालू?

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. फुकटची पिशवी डब्याला लागायची, आता डब्यासाठी काळ्या पिशव्यांचा रोल विकत आणावा लागतो. कॅलिफोर्नियात पिशव्या बंद झाल्यावर छोट्या गार्बेज बॅगची विक्री वाढली होती, म्हणजे वाचलेलं काही प्लास्टिक दुसऱ्या दाराने परत आलं. पूर्ण नाही, पण आलं. आमच्याकडे ओला कचरा सुटाच डब्यात, तळाला वर्तमानपत्राची घडी, डबा रोज विसळायचा. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना पिशवी फाडून आतलं काढावं लागत नाही. डबा विसळायचा कंटाळा येतो हे खरंय, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटी कुठली घ्यायची?

नवी कुठलीच नको, हे माझं मत. कागदी तर कोथिंबीर ओली असली की पार्किंगपर्यंत पण येत नाही. जी घरात आहे तिचा कापूस केव्हाच पिकून झालाय. जुन्या चादरीची, पँटच्या पायाची शिवली तर तिच्या जन्माचा खर्च चादरीच्या नावावर. माझ्या आईची वायरची पिशवी आहे, केशरी-हिरवी, शेजारच्या काकूंनी विणलेली, मी पाचवीत असल्यापासून. पाच किलो बटाटे, वर नारळ, काही होत नाही. आणि ती पण प्लास्टिकचीच आहे बरं का! तिच्या फेऱ्या मोजायला गेलं तर हजारांत जातील.

अडचण फक्त विसरायची. पिशवी घरी आणि आपण बाजारात. मी एक स्कूटरच्या डिकीत ठेवते, एक ऑफिसच्या पर्समध्ये घडी करून, आणि सामान काढलं की लगेच चपलांपाशी टाकते, खुंटीला लावली की गेली. तरी महिन्यातून एकदा बारा रुपये जातातच.

परवा म्हणून स्वयंपाकघराच्या दारामागची पिशव्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. एकूण ६३ निघाल्या. त्यात २६ नॉन-वोव्हन, त्यातल्या चारांवर एकाच लग्नातलं "चि. सौ. कां.", ११ मॉलच्या, ७ सेमिनारच्या कापडी, एकीला तर घडीच मोडलेली नव्हती, बाकी पातळ. नॉन-वोव्हनमधल्या दोन माझ्यासाठी ठेवल्या आणि बाकीच्या सगळ्या गठ्ठा करून गावदेवी मार्केटच्या मावशींकडे नेल्या, म्हटलं गिऱ्हाईकाला द्या. मावशींनी एकेक ओढून बघितली, कापडी घेतल्या, मॉलच्या जाड घेतल्या, पातळ पण ठेवल्या, आणि नॉन-वोव्हनचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "ह्या नगं ताई, ह्यात दोन किलो कांदं बी टिकत न्हाई."

त्या चोवीस परत दारामागे आहेत.